मस्टरवर नसलेले पंधरा दिवस

रिटायर झालेले चार क्लार्क एका बाकड्यावर बसले की दहा मिनिटांत ऑफिस सुरू होतं. परभणीत आमचं ते बाकडं ठरलेलं आहे. चहा येतो, कुणाच्या तरी शुगरची चौकशी होते आणि मग एकजण म्हणतो, "अरे, ते आठवतं का?" झालं! आवक रजिस्टरला कधीतरी शेवटचं पान येतं, या किश्श्यांना येत नाही.

बाकीचे तिघं हसायचे किस्से सांगतात. माझे सगळे भ्यायचे. आधीच सांगून टाकतो, मी भित्रा माणूस. नोकरीतली पहिली दहाबारा वर्षं मी घाबरण्यात काढली, आणि ती नेमकी नामांतराची वर्षं होती, त्यामुळे कारण शोधत फिरायची पाळी आली नाही. कालव्याचं ऑफिस होतं, एवढं सांगतो. नाव घेत नाही. पेन्शन चालू आहे.

*

मी हजर झालो तेव्हा विद्यापीठाच्या नावाचा ठराव होऊन थोडेच दिवस झाले होते. गावोगाव आमच्या वस्त्या जळत होत्या. आई म्हणाली, नोकरी गेली चुलीत, घरी बस. मी म्हटलं, घरी बसलं तरी घर जळतंयच की. तिला ते पटलं, आणि मग माझंच अवसान गेलं. एसटीत मी ऑर्डर बनियनच्या आत ठेवली होती. परभणीला उतरेपर्यंत घामानं साहेबांची सही पसरली.

बडेबाबू म्हणजे आमचे हेडक्लार्क. बोलणं एकदम मऊ. त्यांनी ऑर्डर उलगडली. माझ्या नावापुढं कंसात माझा प्रवर्ग लिहिलेला होता, तो त्यांनी बोट ठेवून वाचला. मग चष्मा काढून विचारलं, "जिंतूरकर म्हणजे कोणते?"

जिंतूरचे, म्हटलं. ते झालंच हो, पण जिंतुरात कुठं? गावात. गावात कुठं? बाजाराच्या बाजूला. बाजाराच्या अलीकडं का पलीकडं? असं करत करत त्यांनी मला वेशीबाहेर नेऊन सोडलं, तेव्हा कुठं त्यांचं समाधान झालं. कागद सगळा वेळ त्यांच्या हातात होता.

शिपाई होते शेख चाचा. निजामाचं राज्य डोळ्यांदेखत जाताना पाहिलेला माणूस. त्यांनी माझं टेबल दाखवलं. कोपऱ्यातलं, मोडक्या खिडकीजवळचं. म्हणाले, "बाबू, ये खिडकी कू सलाख नई है. कुछ हुआ तो सीधा बाहर कूदने का."

मी हसलो. चाचा हसले नाहीत.

*

ऑफिसात सगळ्या जातीधर्माची माणसं होती. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, केवढं छान. पण टेबलं ठरलेली. बिलं, स्टोअर, टेंडर एका बाजूला. आवक-जावक, झाडू, पाणी दुसऱ्या बाजूला. आणि रोजंदारीचं मस्टर, म्हणजे मजुरांचा हजेरीपट, तो कुणालाच नको होता, म्हणून माझ्याकडं आला.

मस्टरवर पहिलं नाव लिंबाजी मामाचं. मामा माझ्या आईच्या गावचा, म्हणून मामा. आठव्या गेटवर कालव्याचं पाणी सोडायचा, बंद करायचा. नियम असा होता की रोजंदारीवर सलग पाच वर्षं भरली की माणसाला कायम करायचं. मग महिन्याचा पगार, रजा, पेन्शन, सगळं. त्याच गेटवर विठ्ठलराव नावाचा दुसरा माणूस होता. मामाच्या पाच वर्षं मागून आलेला. तो सहाव्या वर्षी कायम झाला. मामाला अकरा वर्षं झाली होती. गेट एक, किल्ली एक, चाकाला घालायचं ग्रीसही एकच. एकाला रविवारचा पगार, दुसऱ्याचा रविवार फुकट.

हे कसं होतं, ते मला पहिल्याच चैत्रात कळलं. बडेबाबूंनी मस्टर मागवलं आणि मामाच्या नावापुढं पंधरा दिवसांवर पेन्सिलीनं बारीक खुणा केल्या. "इथं खंड द्या," म्हणाले. म्हणजे गैरहजर लिहा. सलग हा शब्द तेवढ्यानं मोडतो. अशा खुणा सातजणांपुढं होत्या. सातही आमच्याच वस्त्यांतले. विठ्ठलरावाच्या जुन्या मस्टरवर एकही खूण नव्हती, हे मी गुपचूप काढून पाहिलं होतं.

मी म्हणालो, मामा तर गेटवर आहे, मी काल पाहिलं. बडेबाबू म्हणाले, असू द्या की, पाणी थोडंच थांबतं. आणि मऊ आवाजात पुढं म्हणाले की तुमचीही नेमणूक तात्पुरतीच आहे आणि तुमची फाइल माझ्याच कपाटात आहे. घरी आई, बायको, शाळेत जाणारे दोन भाऊ. मी पेन उचलला आणि पंधरा वेळा गैरहजर लिहिलं. खाली सही केली.

मामा ऑफिसात आला तेव्हा मी त्याला सांगितलं. लपवणार कसं? त्या पंधरा दिवसांची मजुरी त्याला मिळणार नव्हती, आणि तरी गेटवर यायचंच होतं. नाही आला तर पुढच्या महिन्याच्या मस्टरवर नावच नाही. मामानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "कागदावर मी कुठं गेलतो म्हून लिवलं?"

कुठं गेलात ते लिहीत नाहीत मामा, म्हटलं. नव्हतात एवढंच लिहितात.

*

एका साली तणाव लय वाढला तेव्हा वरून पत्र आलं. मागासवर्गीय कर्मचाऱ्यांची राहत्या पत्त्यासह यादी पाठवा, त्यांना संरक्षण द्यायचं आहे. टायपिंग माझ्याकडं. क्रमांक एकला माझंच नाव. घर नंबर, गल्ली, आणि सापडायला सोपं जावं म्हणून 'लिंबाच्या झाडासमोर'. हे टाइप करताना दर ओळीला दाराकडं बघत होतो, तीन कागद बिघडले. चौथा बरोबर आला. बिघडलेले टोपलीत टाकले.

चार दिवसांनी शेख चाचा भजी घेऊन आले. पुडी उलगडून माझ्यापुढं धरली. "बाबू, तुमारा नाम छपके आया."

तेलात भिजलेलं माझं नाव, गल्ली, लिंबाचं झाड. ऑफिसची रद्दी कोपऱ्यावरच्या भज्याच्या गाड्यावर जायची, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ज्यांच्यापासून संरक्षण पाहिजे होतं तेही तिथंच भजी खायचे! त्या आठवड्यात मी रोज दोनदा भजी घेतली. गाड्यावाला विचारायचा, घरी पाहुणे आलेत का? पोटाचं वाटोळं झालं. दुसरा कागद सापडला. तिसरा अजून सापडलेला नाही. कितीतरी महिने मी दाराला आतून पाटा लावून झोपत होतो.

संरक्षणाला शेवटपर्यंत कुणी आलं नाही. बडेबाबू म्हणाले, पत्ता मिळाला नसेल.

*

आमचे साहेब म्हणजे डेप्युटी इंजिनिअर, लिंगायत, लातूरकडचे. माणूस वाईट नव्हता, पण माझ्याइतकाच भित्रा. एकदा पाणीपाळीचं, म्हणजे कालव्याचं पाणी कुणाला कधी याचं, भांडण मिटवायला मला जीपमधून घेऊन गेले. गाव मामाचंच, आठव्या गेटचं. महिन्यापूर्वी तिथली वस्ती जळाली होती. जीप तिथून गेली तेव्हा साहेब दुसऱ्या बाजूला बघत होते. मी पायाकडं बघत होतो.

पाटलांच्या ओट्यावर बसलो. आजूबाजूला वीसपंचवीस माणसं, काहींच्या हातात काठ्या. पाटलांनी माझ्याकडं बोट करून विचारलं, हे कोण? साहेबांनी एका दमात सांगून टाकलं, "हे आमचे कुलकर्णी."

आता बसा! पाटील खूश. म्हणाले, देवच पावला. थोरलीचं जमलंय, भटजी परगावी गेलेत, तुम्ही तेवढी तारीख काढून द्या. आतून पंचांग आलं. मी जन्मात पंचांग हातात धरलेलं नव्हतं. पानं उलटत राहिलो, ओठ हलवत राहिलो. मला पाठ होती ती फक्त सरकारी सुट्ट्यांची यादी. दुसरा शनिवार, रविवार आणि जोडून सोमवारची सुट्टी असा एक मेळ आठवला. त्यातला रविवार सांगितला. पाहुण्यांनाही सोयीचा पडेल, म्हटलं.

पाटलांची म्हातारी आई बाहेर आली आणि माझ्या पाया पडली. आणि नेमका तेव्हाच लिंबाजी मामा गेटची किल्ली साहेबांना द्यायला आला. खाली अंगणात उभा राहिला. त्यानं ओट्यावर मला पाहिलं, पंचांग पाहिलं. त्याच्या तोंडून एक हाक निघाली असती, नुसतं 'भाच्या' म्हणाला असता, तरी मी तिथून जिता परत आलो नसतो. पाटील त्याच्यावर ओरडले, "बघतोस काय? कुलकर्णी सायबाला राम राम घाल."

मामानं हात जोडले. "राम राम, सायब," म्हणाला आणि निघून गेला.

मामानं पुढं कधी हा विषय काढला नाही. मीही काढला नाही. लाज वाटत होती, आणि काढला तर कुणी ऐकेल अशी भीतीही होती.

लग्न त्याच रविवारी झालं. छान नांदतेय पोरगी. तेच तर वांधे झाले! दोन वर्षांनी पाटील ऑफिसच्या दारात हजर. धाकटीचं जमलंय, तारीख कुलकर्ण्यांच्याच हातून काढायची. मी कपाटामागं शिरलो. शेख चाचांनी पाटलांना पाणी दिलं आणि सांगितलं, कुलकर्णीसाब का तबादला हो गया. कुठं? चाचा म्हणाले, "बहोत दूर."

*

विठ्ठलराव एका चैत्रात भावाच्या लग्नाला म्हणून भरपगारी रजेवर गेला. दोन्ही पाळ्या मामानंच केल्या. गेटवरच झोपला, गेटवरच जेवला. आणि बडेबाबूंच्या पेन्सिलीच्या खुणा नेमक्या त्याच पंधरा दिवसांवर. म्हणजे कागदावर एकजण रजेवर, दुसरा गैरहजर. आठव्या गेटवर माणूसच नाही! आणि त्याच पाणीपाळीला शेवटच्या शेतापर्यंत पाणी बिनतक्रार पोचलं.

वरून शाबासकीचं पत्र आलं. उत्तम पाणीवाटपाबद्दल गेटवरच्या कर्मचाऱ्याला प्रशस्तिपत्र द्यावं. आता कुणाला द्यायचं? बडेबाबू तासभर विचारात पडले. शेवटी विठ्ठलरावाला दिलं. रजेवर का होईना, तो कागदावर होता ना.

विठ्ठलरावालाच कसंसं झालं. तो प्रशस्तिपत्र घेऊन गेटवर गेला आणि मामाला म्हणाला, हे तुजं हाय. मामानं ते हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि परत दिलं. म्हणाला, ठिव तूच, माज्या घराला भिंत कुठं हाय लटकवायला.

*

मग कुणीतरी वर अर्ज टाकला आणि तपासणी लागली. रोजंदारीवरची मागासवर्गीय माणसंच कायम का होत नाहीत, हे बघायला औरंगाबादहून अधिकारी येणार. प्रत्येकाचा जबाब घेणार. ऑफिसात धावपळ. प्रवर्गवार भरतीचं रजिस्टर कुणी कधी लिहिलेलंच नव्हतं. ते एका दुपारी सगळं लिहून काढलं आणि जुनं दिसावं म्हणून शेख चाचांनी त्यावर चहा सांडून उन्हात वाळत घातलं.

बडेबाबूंनी मला जवळ बसवलं. म्हणाले, तुमचा तो मामा काय बोलतो ते तुम्ही बघा. मी म्हटलं, मी काय बघू, खुणा तुम्ही केल्या. ते हसले. "मी पेन्सिलीनं केल्या. त्या खोडल्या. सही तुमची आहे, शाईची."

हिशोब सरळ होता. मामानं खरं सांगितलं, की त्या दिवसांत मी गेटवरच होतो, तर मामा कायम होणार. त्याच्या हाताशी आता थोडीच वर्षं उरली होती, ही शेवटची संधी. पण मग मस्टर खोटं ठरणार, आणि खोटं मस्टर लिहिणारा मी. नोकरी जाणार, कदाचित पोलीसही येणार. आणि बडेबाबूंच्या केसालाही धक्का लागणार नाही.

दुपारी सायकल काढून आठव्या गेटवर गेलो. मामा चाकाला ग्रीस लावत होता. मी तब्येतीचं विचारलं, पाण्याचं विचारलं, म्हशीचं विचारलं. मामानं तीन दगडांवर चहा ठेवला. शेवटी मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

मामा म्हणाला, "कायम झालो तर काय हुतंय?"

पगार, म्हटलं. म्हातारपणी पेन्शन. तुमच्या मागं मामीला पेन्शन.

"आन तुजं?"

मी चहाखालची काटकी आत सरकवली. तेवढ्यानं त्याला कळलं असणार. मला म्हणायचं होतं, मामा, खरं सांगा, माझं काय व्हायचं ते होऊ द्या. सायकलवर येताना सबंध वाट तेच घोकत आलो होतो. जीभ उचललीच नाही. मी घाबरलो होतो, दुसरं काही कारण सांगायला नाही.

"चा पी," मामा म्हणाला. "गार व्हायलाय."

*

अधिकारी आले. नाव ऐकल्यावर कळलं, आपल्यातलेच. मला धीर यायला पाहिजे होता, उलट जास्तच भीती वाटली. त्यांनी चहा नको म्हटलं आणि जबाब लिहून घ्यायला चांगल्या अक्षराचा क्लार्क मागितला. बडेबाबूंनी मऊ आवाजात माझं नाव सांगितलं. मी कागद घेऊन टेबलाच्या कडेला बसलो. सातजण व्हरांड्यात उभे होते. मामा सगळ्यांत जुना, म्हणून पहिला.

तो आत आला. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका. माझ्याकडं पाहिलं नाही. अधिकाऱ्यांनी त्याला खुर्चीवर बसायला लावलं. आमच्या ऑफिसात तो पहिल्यांदाच खुर्चीवर बसला. त्यांनी मस्टर उघडलं आणि चैत्रातल्या त्या पंधरा दिवसांवर बोट ठेवलं. घाबरू नका, म्हणाले, खरं ते सांगा, तुमच्या फायद्याचंच आहे. या दिवसांत तुम्ही गेटवर होता का?

"न्हवतो, सायब," मामा म्हणाला.

मी लिहिलं.

"मग कुठं होता?"

"घरी. भाचा भ्याला व्हता. त्येच्यापाशी बसलो व्हतो."

बडेबाबू दारात उभे होते, ते खोकले. अधिकाऱ्यांनी आदल्या सालचं मस्टर ओढलं. तेच दिवस. त्याच्या आदल्या सालचं. तेच दिवस. "आणि या साली?"

"भाच्यापाशीच."

"दर साली?"

"दर साली भेतंय त्ये, सायब."

मी लिहीत होतो. अक्षर माझं चांगलं आहे, त्या दिवशीही चांगलंच आलं. अधिकाऱ्यांनी तिन्ही मस्टरच्या खालची सही वाचली. मग त्यांनी विचारलं, "भाच्याचं नाव काय?"

मामा खुर्चीवरून उठला. "नाव नगा लिवू सायब," म्हणाला. "सरकारी नोकरीत हाय त्ये."

अधिकाऱ्यांनी मान माझ्याकडं वळवली. "लिहिलं?"

"लिहिलं, साहेब," मी म्हणालो, आणि अंगठ्यासाठी शाईचा पॅड मामापुढं सरकवला.